आपल्याच कापडातलं

तीन दिवस झाले, रेडिओने एकच लावून धरलंय. कुंटुवाबाई गेल्या. देशाच्या पहिल्या बाई पंतप्रधान. शाळेत शिकवत होत्या, मग निवडून आल्या, मग मंत्री झाल्या, मग सगळ्यांच्या वरची खुर्ची. "केवळ स्वतःच्या हिमतीवर वर आलेली कोळ्याची पोर," असं तो निवेदक इतक्या वेळा म्हणाला की काल मी बटणच पिळून टाकलं. स्वतःच्या हिमतीवर म्हणे! मग आमची एनो बेन्सिवा काय माशा मारत बसली होती?

एनो म्हणजे आई. मानाच्या बाईला आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात. मी एकुवा एजिर्बा, शिवणकाम करते. एग्याक्रोमच्या बाजारात कापडाची जी ओळ आहे तिच्या तोंडाशीच माझी मशीन, आणि बरोब्बर समोर एनो बेन्सिवाचं टेबल होतं. तेव्हा मी सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या निवेदकाने पाहिलं असेल तर त्याने येऊन माझ्याशी भांडावं.

कापड आगबोटीने यायचं तेव्हा त्यावर नुसता आकडा असायचा. आकड्याला कोण गिऱ्हाईक हात लावतंय? कापडाला नाव लागतं, आणि ते नाव बाजारातल्या बाईनेच द्यावं लागतं. नवा नमुना आला की एनो तो खांद्यावर टाकून दिवसभर हिंडायची. कोणाची सवत काय बोलली, कोणाच्या नवऱ्याने कुठे तोंड घातलं, सगळं ऐकायची. दुसऱ्या दिवशी नाव तयार. 'शेजारणीचे कान'. 'गप्प आहे म्हणजे बहिरी नाही'. मग कोणत्या बाईचं नणंदेशी वाजलं की ती तोंड उघडायचीच नाही. ते कापड नेसायची आणि नणंदेच्या दारावरून पाण्याला जायची. काम झालं! नाव देऊन एनोने पहिले दोन वार टर्रकन फाडले आणि एखाद्या बाईला नेसवले, की ते नाव कायमचं. मग देवाचा बाप आला तरी बदलत नाही.

आणि तिचा शब्द. "एनो, रंग सोडणार नाही ना?" एवढंच गिऱ्हाईक विचारायचं. "नाही सोडणार," म्हणाली की संपलं. सोडलाच, तर धुतलेलं कापड परत घ्यायची आणि नवं द्यायची. तिचा धंदा त्या एका वाक्यावर चालायचा.

तर कुंटुवा. शाळेतली मास्तरीण, चोवीस वर्षांची, अंगाने काडी, आई लहानपणीच वारलेली. शाळा सुटली की यायची आणि एनोच्या टेबलापाशी उभी राहून बायकांना पेपर वाचून दाखवायची. आम्हाला कुठलं वाचायला येतंय! चार दिवसांनी एनोने तिच्यासाठी घरून लाकडी स्टूल आणलं. रिकामं स्टूल आम्ही नेहमी आडवं करून ठेवतो, नाहीतर भलतंच कोणी येऊन बसतं म्हणतात. कुंटुवा दिसली की एनो ते उभं करायची, आणि एकाच वाडग्यातून दोघी जेवायच्या. दोकोनो, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा गोळा, वर तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. मास्तरीण माशाचा मऊ भाग खायची आणि एनो डोकं चोखत बसायची.

मी एकदा म्हटलंही, "एनो, ही पोरगी तुला धुऊन खाईल."

"तुझ्या पोटात का दुखतंय गं? तुला पण देते डोकं," ती म्हणाली.

मग निवडणूक लागली आणि कुंटुवा उभी राहिली. बाप रे, काय तो तमाशा! मंगळवार होता. मंगळवारी आमच्याकडे कोणी समुद्रात होडी घालत नाही, त्यामुळे सगळे कोळी बाजारात रिकामे. ही पेटीवर चढून बोलायला लागली तर मागून एकजण ओरडला, "कोंबडी आरवायला लागली की तिला कापून खातात!" सगळा बाजार हसला. कुंटुवा उतरली आणि माझ्या मशीनमागे येऊन हमसाहमशी रडायला लागली.

एनोने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता तोंड धू. मला एक कापड आलंय."

निळं कापड, त्यावर पांढऱ्या कोंबड्या. एनोने दुसऱ्या दिवशी भर बाजारात नाव सांगितलं, 'कोंबडीलाही पहाट कळते'. पहिले दोन वार फाडले आणि कुंटुवाला नेसवले. महिन्याभरात किनाऱ्यावरच्या यच्चयावत बायका कोंबड्या नेसून हिंडत होत्या. नवरे रागवायचे, पण रागवणार कशावर? कापडच तर आहे! एनो लॉरीवर चढून गावोगावच्या बाजारात गेली. भाषण तिला येत नव्हतं. ती कुंटुवाचा हात धरून उभी राहायची आणि म्हणायची, "बायांनो, ही रंग सोडणार नाही." बस्स. बायका उठून मत द्यायला गेल्या.

एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा कुंटुवा पंतप्रधान झाली. त्या दिवशी एनोने अख्ख्या ओळीला पामच्या फळांचं कालवण वाढलं, आणि मी तिला पहिल्यांदा नाचताना पाहिलं.

पुढे महागाई आली. साबण मिळेना, दुधाचे डबे मिळेनात, साखर तर औषधालासुद्धा नाही. लोक रस्त्यावर उतरले. मग एका रविवारी कुंटुवा रेडिओवर बोलली. महागाईचं कारण काय, तर बाजारातल्या साठेबाज बायका! माल लपवतात, देश पोखरतात. वाळवी म्हणाली आम्हाला. ज्या टेबलावर कोपरं टेकून हिने पेपर वाचले त्या टेबलांना वाळवी!

बायका घाबरल्या. जिला जिथे जागा दिसली तिथे तिने कापड दडवलं. कोणी पलंगाखाली, कोणी चुलीमागे, कोणी माहेरी पाठवून दिलं. एफुवा अबाका ही एनोच्या शेजारची, तिने लेकीच्या लग्नासाठी बारा वर्षं एकेक तागा बाजूला टाकला होता. तो सगळा पाण्याच्या पिंपात भरून वर लाकडं रचली. एनो म्हणाली, "वेड्या झालात का? थांबा, मी विचारून येते." धुरी दिलेले मासे आणि दोकोनो टोपलीत घालून ती लॉरीने राजधानीला गेली.

तिसऱ्या दिवशी आली ती हसतच.

"अगं, आत घेतलं मला! गालिच्यावर बसून जेवलो दोघी, एकाच वाडग्यात. मोठे मोठे कोटवाले दाराबाहेर ताटकळत."

"आणि वाळवीचं काय?" मी विचारलं.

"रेडिओवर बोलावं लागतं म्हणे तसं. आपल्या ओळीला हात लागणार नाही. फक्त एवढंच, दडवलेलं सगळं बाहेर काढा, मंगळवारी टेबलावर मांडा. तिची माणसं येतील, फोटो काढतील आणि जातील. एग्याक्रोमच्या बायका काही लपवत नाहीत, हे देशाला दिसेल."

एफुवा अबाका पिंपाचा विचार करत उभी होती. "एनो, रंग सोडणार नाही ना?"

"नाही सोडणार," एनो म्हणाली.

मंगळवारी अशी ओळ सजली होती की काय सांगू! पलंगाखालचं, चुलीमागचं, माहेरचं, सगळं टेबलांवर आलं. एफुवाचे तागे पिंपातून निघाले. दहाच्या सुमारास ट्रक आले. त्यांतून फोटोवाला उतरला आणि त्याच्यामागून शिपाई उतरले, बंदुका घेऊन. कोणी ओरडलं नाही. आम्हाला वाटलं, फोटोसाठीच उभे राहतील. त्यांनी कापड उचलून बाजाराच्या मधोमध ढीग केला, माणसापेक्षा उंच. ढिगाचा फोटो काढला. मग ढीग ट्रकात भरला आणि टेबलं मोडली. माझ्या मशीनचं चाक वाकवलं. एफुवा ट्रकामागे धावली, तर एकाने तिला बंदुकीच्या दस्त्याने बाजूला सारलं. एनो बेन्सिवा ट्रकासमोर उभी राहून सांगत होती, "अरे, चूक होतेय तुमची. बाईंना विचारा. माझं नाव सांगा. बेन्सिवा म्हणा, बेन्सिवा!" शिपाई म्हणाला, "म्हातारे, बाईंनीच पाठवलंय."

दुसऱ्या दिवशी पेपरात तो ढीग छापून आला. शाळेतल्या नव्या मास्तराने वाचून दाखवलं, 'एग्याक्रोममध्ये साठेबाजांचं कोठार उघडं पडलं. पंतप्रधानांनी स्वतःच्या जिल्ह्यालाही सोडलं नाही.' केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

आणि मग आम्ही काय केलं? आम्ही एनोला टाकलं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा. बायका म्हणाल्या, हिला वाटा मिळाला असणार. हिनेच दडवलेलं बाहेर काढायला लावलं ना? एफुवाच्या लेकीचं लग्न मोडलं, तेव्हा एफुवा एनोच्या मोडक्या टेबलासमोर थुंकली. एनोने काही म्हणून खुलासा केला नाही. फळकुटं ठोकून तिने टेबल उभं केलं, पण कापड विकत घ्यायला कोणी येईना. येणार कोण? शब्दच बुडाला होता तिचा. गुडघ्यांवर हात ठेवून ती दिवसभर बसायची. बाजूला ते लाकडी स्टूल आडवं पडलेलं. सकाळी मला "उठलीस का गं" म्हणायची आणि मी सुई ओवण्याचं सोंग करायचे. आजही आठवलं की लाज वाटते.

तीन वर्षं अशी गेली आणि परत निवडणूक आली. सरकारने नवं कापड छापून आणलं. पिवळ्यावर कुंटुवाचा चेहरा, बशीएवढा गोल, ओळीने. पण कापड पडून राहिलं. फुकट वाटलं तरी बायका विचारायच्या, "नाव काय याचं?" नाव नव्हतं. देणारी कोण? किनाऱ्यावर एकीनेही तोंड उघडलं नाही.

म्हणून मग बाई स्वतः आल्या. चार गाड्या, फोटोवाला, आणि लांप्टी नावाचा एक राजधानीचा साहेब, हातात वही. आमची भाषा त्याला ओ की ठो येत नव्हती. एक दुभाष्या पोलीस बरोबर. कुंटुवा चांगली भरली होती अंगाने. थेट एनोच्या टेबलापाशी आली, आडवं स्टूल स्वतःच उभं केलं आणि बसली. बायकांनी तिरस्काराने दातांतून 'च्छ' केलं. मी मशीनवरचा पाय काढून घेतला, ऐकायला.

"एनो, किती वाळलीस गं."

"तू आहेस ना भरलेली. बास झालं."

"रागावलीयस."

"एकच विचारते," एनो म्हणाली. "गालिच्यावर जेवत होतीस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

कुंटुवाने खाली बघितलं. खोटं नाही बोलली, तेवढं श्रेय देते मी तिला. "होतं. कोणाला तरी दाखवावंच लागणार होतं, एनो. राजधानीच्या बाजाराला हात लावला असता तर तिथल्या बायकांनी मला दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून ओढली असती. म्हटलं, आपल्या माणसांकडूनच घ्यावं. तू माफ करशील हे मला माहीत होतं. दुसरं कोण करणार होतं?"

एनोने मान हलवली. "म्हणजे माझी माया होती, म्हणून मला निवडलंस."

"एनो..."

"नाही, बरोबर आहे तुझं. परक्याच्या घरात शिरताना भीती वाटते. दे इकडे ते कापड."

तिने पिवळा तागा खांद्यावर टाकला आणि चालायला लागली. पंतप्रधानांना स्टुलावर बसवून ठेवलं, आणि अख्खी ओळ चालत शेवटापर्यंत गेली. प्रत्येक टेबलापाशी थांबली. एफुवाच्या टेबलावर आता फक्त सुया-दोऱ्याची डबी होती, तिथे सगळ्यात जास्त थांबली. जाताना एका बाईने कुजबुजून विचारलं, "एनो, मी यावरचा चेहरा बसायच्या जागेवर शिवून घेऊ का?" तर एनो तिच्यावर खेकसली, "तोंडाचा अपमान करायचा नाही! नाव पुरे आहे." मग ती परत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"या कापडाचं नाव, 'आपल्याच कापडातलं'."

आधी एफुवा अबाका हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा हसली ती बाई, आणि मग सगळी ओळच हसायला लागली. कारण आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही पुढचं माहीत असतं. 'चावतं ते आपल्याच कापडातलं असतं.' किडा बाहेरून येत नाही, आपण नेसलेल्या कापडातच असतो. म्हण अर्धीच म्हणायची, उरलेली ऐकणाऱ्याने मनात पुरी करायची.

लांप्टीसाहेबाला दुभाष्याने तेवढंच अर्धं सांगितलं. पोलीस आमच्याच गावचा, पुढचं गिळलं मेल्याने! साहेब खूश. "वा! आपल्याच कापडातलं! म्हणजे आपलंच माणूस, घरचं माणूस! फार सुंदर!" त्याने वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

कुंटुवाचा चेहरा मात्र मीठ लावलेल्या माशासारखा पांढरा झाला. ती इथलीच होती. तिला कळलं. पण बोलणार काय? पुढचं सांगायचं तर का चावलं तेही सांगावं लागणार. एनोने पहिले दोन वार फाडले. "ऊठ," म्हणाली. आणि पूर्वी नेसवलं होतं तसंच, कमरेला नीट खोचून तिला नेसवलं.

पंधरा दिवसांत सगळा किनारा पिवळा झाला. साहेबाला वाटलं, आपण मैदान मारलं. शाळेच्या मैदानावर सभा झाली तेव्हा तो स्वतः ध्वनिक्षेपकावर ओरडला, "आपल्याच...?" आणि हजारो बायका कुंटुवाचा चेहरा नेसून ओरडल्या, "कापडातलं!" परत "आपल्याच...?" परत "कापडातलं!" मी पुढेच होते. ती मंचावर उभी, समोर नजर जाईल तिथे तिचंच तोंड, आणि प्रत्येक तोंडाचं नाव तिला ठाऊक. हातातला कागद तिने उलटा धरला होता. भाषण चार वाक्यांत आटोपलं. ती गर्दीत कोणाला तरी शोधत होती, पण एनो आलीच नव्हती. एनो टेबलावर होती.

आमच्या किनाऱ्यावर तिला मतं पडली नाहीत, आणि खुर्ची गेली. सभेच्याच दिवशी एफुवा अबाका मैदानावरून थेट बाजारात आली होती, एनोसमोर उभी राहिली आणि ते पिवळं कापड दोन बोटांत धरून म्हणाली, "एनो, रंग सोडणार नाही ना?"

"हे?" एनो म्हणाली. "मेल्यावरसुद्धा नाही."

तिथून तिचं टेबल परत चालायला लागलं. मीही तिच्या सकाळच्या हाकेला ओ द्यायला लागले. माफी मागितली तर म्हणाली, "तू तरी सुई ओवत होतीस, बाकीच्या थुंकत होत्या." पण ती परत कधी नाचली नाही, आणि कापडांना नावं देणंही बंद केलं. नवं कापड आलं की म्हणायची, आकडा लिहा.

चार वर्षांपूर्वी एनो गेली. जाण्याआधी मला म्हणाली, "मला कोंबडीचंच नेसव."

मी चिडले. "अगं, अजून तिचंच कौतुक?"

"तिचं नाही गं. ती पहाट खोटी नव्हती. बाई खोटी निघाली."

मयताला सगळा बाजार काळ्या-तांबड्या कापडात बसला होता. तेवढ्यात फाटकाशी एक साधी टॅक्सी थांबली आणि काठी टेकत एक म्हातारी उतरली, भडक पिवळं नेसून. बायका चवताळल्या, मयताला असलं कापड? मग आम्ही चेहरे ओळखले. कापडावरचे आधी, आणि मग कापड नेसलेलीचा. तेच दोन वार होते. कोणी तिला नेसवले होते, ते तिला आणि आम्हाला, सगळ्यांनाच माहीत होतं. एनोने दिलेलं नाव ती स्वतःच्या अंगावर घालून सगळ्या गावासमोर चालत आली.

एनोच्या पायाशी येऊन थांबली तेव्हा तिला कोंबड्या दिसल्या. "हे अजून होतं तिच्याकडे?" तिने मला विचारलं.

"घरात रोज तेच नेसायची," मी म्हटलं. "बघ, पार विटून गेलंय. कोंबड्या ओळखू येत नाहीत."

बसायला तिने इकडेतिकडे पाहिलं. एनोचं स्टूल शेजारीच आडवं पडलं होतं, माझ्या पायाशी. मी ते उभं केलं नाही. ती जमिनीवर बसली, मातीत, आणि पिवळं कापड तिच्याभोवती पसरलं. मी शिवणारी बाई, माझी नजर आपसूक कापडावर गेली. इतक्या वर्षांत त्याचा जरासुद्धा रंग गेला नव्हता.